काशीचे नीलकंठशास्त्री

लष्करातील एका जुन्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा माळ्यावरची पुस्तके रद्दीत निघाली होती. त्या घरची मुलगी माझ्याकडे गाणे शिकते, म्हणून रद्दीवाल्याच्या आधी मला निरोप आला. मी गेलो तो जुन्या चिजांच्या वह्या हाती लागतील या लोभाने. वह्या नव्हत्याच. एक संस्कृत पुस्तक मात्र मिळाले: शास्त्रतत्त्वविनिर्णय. उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने १९५१ साली छापलेले, सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादिलेले. कर्त्याचे नाव नीलकंठ गोरे. ग्वाल्हेर-इंदूरकडचा मराठी माणूस असे आपल्याकडचे आडनाव दिसले की पुस्तक खाली ठेवीत नाही. मीही ठेवले नाही.

माझे संस्कृत ध्रुपदाच्या शब्दांपुरते. म्हणून शेजारच्या वृद्ध शास्त्रीबोवांना गाठले. शिकवण्या आटोपल्या की रात्री तासभर ते वाचीत आणि अर्थ सांगत. विषय ख्रिस्ती मताचे खंडन. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, पण न्यायशास्त्राची धार अशी की प्रतिपक्षाला श्वास घ्यायला जागा नाही. शास्त्रीबोवा मांडीवर थाप मारीत, मीही खूश. पुस्तक संपत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितले की हा मुलगा पुढे तीन-चार वर्षांतच ख्रिस्ती झाला आणि पाद्री म्हणून मेला.

तेव्हापासून या माणसाने मला सोडले नाही. जे मिळाले ते वाचले. वाचकांपैकी पुष्कळांना फादर गोरे हे नाव पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून ठाऊक असेल. पण त्या ठिकाणी ते एका पानापुरते येतात आणि जातात.

गोऱ्यांचे घराणे चित्पावन, पण कोकण केव्हाच सुटलेले. बांद्याचे नवाब म्हणजे पहिल्या बाजीरावाचा आणि मस्तानीचा वंश. त्यांच्या पदरी गोऱ्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी कारभारी होती. बुंदेलखंडात अशी किती घरे गेली आणि तिथलीच झाली, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. नीलकंठाचा जन्म झाशीजवळच्या काशीपुरा गावी १८२५ साली झाला. वाढला तो काशीत. काशीत तेव्हा मराठी शास्त्र्यांचा दबदबा मोठा होता. मुलगा व्याकरण शिकला, न्याय शिकला. न्याय शिकलेल्या माणसाला एक खोड लागते: समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडायचे आणि मग पाडायचे. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. नीलकंठाच्या सगळ्या आयुष्याचे सुखदुःख या खोडीत आहे.

जॉन म्यूर नावाचा एक स्कॉटिश मुलकी अधिकारी होता. संस्कृताचा पक्का अभ्यासू, काही काळ काशीच्या संस्कृत कॉलेजचा प्रमुखही. त्याने १८३९ साली मतपरीक्षा नावाचा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहिला आणि बुद्धीच्या कसोटीवर ख्रिस्ती धर्मच उतरतो असे दाखविण्याचा प्रयत्न केला. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले उत्तर देणारे सुबाजी बापू आपल्या माळव्याशेजारच्या सिहोरचे, दुसरे कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन, आणि तिसरा हा काशीचा तरुण. त्याने १८४४-४५ मध्ये लिहिलेले उत्तर म्हणजेच माझ्या हाती आलेले पुस्तक.

त्यातील मुद्दे आजही शिळे वाटत नाहीत. पाद्री सांगतात की जीवाला हा एकच जन्म. मग एक मूल आंधळे जन्मते, दुसरे राजवाड्यात जन्मते, हे कशाने? पूर्वजन्मीचे कर्म मानले तर ईश्वरावर दोष येत नाही. ते नाकारले तर आंधळ्या मुलाचे दुःख सरळ ईश्वराच्या पदरी जाते, आणि तो पक्षपाती किंवा निर्दय ठरतो. पशूंनी तर काहीच पाप केले नाही, ते का भोगतात? पुढचा मुद्दा याहून कठीण. ईश्वर सर्वज्ञ आहे, म्हणजे कोण पाप करणार आणि कोण नरकात जाणार हे त्याला आधीच ठाऊक. मग त्या जीवाला त्याने निर्माण तरी का करावे? आणि शेवटचा: माणसाचे पाप कितीही मोठे झाले तरी ते साठ-सत्तर वर्षांचे. त्याला अनंतकाळची शिक्षा हा कुठल्या न्यायाधीशाचा न्याय? आपल्याकडे नरक आहेत, भयंकरही आहेत, पण भोग संपला की जीव सुटतो. ज्याला सुटकाच नाही असा नरक सांगणारा धर्म दयाळू ईश्वराचा कसा?

पुस्तकाच्या मुळाशी आणखी एक विचार आहे, आणि पुढच्या कथेसाठी तोच ध्यानात ठेवावा. नीलकंठाचे म्हणणे असे की धर्माच्या बाबतीत बुद्धीने शास्त्राची परीक्षा करायची नसते. आधी श्रद्धेने शास्त्र धरायचे. बुद्धी त्याच्या मागून चालते आणि अडचणी दूर करते. आपल्या गुरूंकडे तालीम घेताना हाच नियम होता. सूर का असा लावायचा, हे लागल्यावर कळते.

असा हा मुलगा बाजारात उपदेश करणाऱ्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालायला गेला. हरवायला म्हणूनच गेला. पण न्यायाच्या खोडीप्रमाणे समोरच्याचे म्हणणे पुरते समजून घेणे त्याला भाग होते. मग तो पुस्तके घेऊन जाऊ लागला, बायबल वाचू लागला. घरच्यांना वास लागला तेव्हा रडारड, समजुती, धमक्या सगळे झाले. दोन-तीन वर्षे हे चालले. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गवगवा होऊ नये म्हणून, जौनपूरला त्याचा बाप्तिस्मा झाला. नाव मिळाले नेहेम्या.

का झाला ख्रिस्ती? पैशासाठी, नोकरीसाठी असे म्हणणारे तेव्हाही होते. ते मला पटत नाही. उतरंड होती ती नीलकंठाच्याच पायाखालची. काशीतला मान, घर, शिष्य मिळण्याची खात्री, सगळे गेले. ज्या बापाने मुलाला शास्त्री केले त्याच्या घरात मुलाच्या जेवणाचे ताट लागेनासे झाले, याचे दुःख आपल्या घरांतून कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बायको काही काळाने त्याच्याकडे आली. १८५३ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव लक्ष्मी. त्यानंतर थोड्याच दिवसांत बायको वारली. मुलगी दुसऱ्यांच्या घरी वाढली. बाराव्या वर्षाच्या सुमाराला एका मिशनरी कुटुंबाबरोबर ती इंग्लंडला गेली.

माझे उत्तर त्यांच्या पुढच्या ग्रंथात आहे. षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ त्यांनी १८६० साली प्रसिद्ध केला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली काढले. जी तलवार त्यांनी म्यूरवर उपसली होती तीच येथे स्वतःच्या घराण्याच्या गुरूंवर उपसली आहे. न्यायशास्त्राचा ईश्वर घ्या. परमाणू अनादी, जीव अनादी, त्यांची कर्मेही अनादी. ईश्वर फक्त त्यांची मांडणी करतो. गोरे विचारतात की याला निर्माता कसे म्हणावे? तो तर कर्माचा हिशेबनीस झाला. आंधळ्या मुलाचे उत्तर मागच्या जन्मात, मागच्याचे त्याच्या मागच्यात. असे मागे मागे जात राहिल्याने प्रश्न सुटत नाही, फक्त नजरेआड होतो. आणि मोक्ष? न्यायमताप्रमाणे मुक्त आत्म्याला दुःख नाही, तसे सुख नाही आणि ज्ञानही नाही. ज्या मुक्तीत मुक्त झाल्याचे कळतसुद्धा नाही ती दगडाला आधीच मिळालेली आहे. वेदान्ताचे ब्रह्म तर निर्गुण. ते कुणाला जाणत नाही, कुणावर प्रेम करीत नाही, कुणाचे ऐकत नाही. अशापुढे पापी माणसाने हात जोडायचे तरी कसे?

माझ्या समजुतीने नीलकंठाला हवा होता तो ऐकणारा ईश्वर. पापाचा बोजा त्या काळच्या कुणाला वाटला नसेल इतका त्याला वाटत असे. कर्माचा हिशेब कधी ना कधी फिटेल या आश्वासनाने त्याचे भागत नव्हते. कुणीतरी क्षमा करावी अशी त्याची गरज होती, आणि क्षमा ही हिशेबात बसणारी गोष्ट नाही. ख्रिस्ती मतात ईश्वर स्वतः माणसाच्या देहात येऊन ते पाप आपल्या अंगावर घेतो. एकाचे पाप दुसऱ्याने फेडणे तर्कात बसत नाही, हे त्यांच्याइतके चांगले कुणालाच कळत नव्हते. तरी त्यांनी ते धरले.

येथे मात्र माझे त्यांच्याशी भांडण आहे. ब्राह्मसमाजी मंडळींना त्यांनी पुढे बजावले की, प्रेमळ पित्यासारखा ईश्वर ही कल्पना तुम्ही बुद्धीने मिळविलेली नाही, ती ख्रिस्ती शिकवणुकीतून तुमच्याकडे आली आहे. दर्शनांपुरते हे खरे असेल. पण तुकोबांनी ज्याला माउली म्हणून हाक मारली तो विठोबा कुठल्या मिशनमधून आला? काशीच्या पाठशाळेत टाळ वाजत नव्हते. नीलकंठ कुठल्या वारकरी कीर्तनात रात्रभर बसल्याचे मला कुठे आढळले नाही. बसला असता तर काय झाले असते, हा विचार गाणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. असो.

बाप्तिस्मा झाला म्हणून मन शांत झाले असे मात्र घडले नाही. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांचे पंडित म्हणून ते इंग्लंडला गेले. लाहोरच्या या पदच्युत बालराजाने आदल्या वर्षीच ख्रिस्ती धर्म घेतला होता. ऑक्सफर्डला मॅक्सम्युल्लर यांची त्यांनी गाठ घेतली, आणि त्या विद्वानाने पुढे आपल्या आठवणींत या भेटीविषयी लिहिले आहे. बायबलात वाचलेली ख्रिस्ती माणसे लंडनच्या रस्त्यांवर शोधणारा हा ब्राह्मण फार खिन्न होऊन त्यांच्याकडे आला होता. हाच ख्रिस्ती देश असेल तर आपण कशासाठी सगळे सोडून आलो, असे त्याला झाले होते.

पण लोकांचे वागणे ही बाहेरची अडचण. आतली अडचण वेगळी होती, आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली होती. १८६८ साली गोऱ्यांनी कलकत्त्यात एक पुस्तिका छापली. विषय अनंतकाळच्या शिक्षेवरील आक्षेप आणि त्यांची उत्तरे. ते आक्षेप कुणाचे? चोवीस वर्षांपूर्वी काशीत बसून एका तरुण शास्त्र्याने जे मांडले होते, त्याच जातीचे. पुस्तिकेत उत्तर दिले आहे. पण उत्तर देणाऱ्यालाच ते पुरे पडले नाही. गार्डनर या त्यांच्याच पंथातील पाद्र्याने १९०० साली त्यांचे चरित्र छापले, त्यातही या शंकांचा छळ लपविलेला नाही. आयुष्याच्या अखेरपर्यंत तो राहिला. लोकांना उपदेश करायचा, शंकेखोरांना उत्तरे लिहायची, आणि रात्री पुन्हा त्या सर्वज्ञ ईश्वराने नरकात जाणारा जीव निर्माणच का केला, इथे येऊन थांबायचे.

माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगतो. ते दरबारी गवई. तरुणपणी एका घराण्यात दहा वर्षे शिकले आणि मग दुसऱ्या घराण्याच्या उस्तादांचा गंडा बांधला. पहिल्या गुरूंनी तोंड पाहिले नाही. वडिलांनी नवी गायकी इमानाने उचलली, आम्हांलाही तीच दिली, आणि जुन्या गायकीतील दोष ते शिष्यांना उघड सांगत. पण पहाटे तंबोरा घेऊन एकटे बसले म्हणजे एखादी तान नकळत जुन्या वळणाने जाई. मग ते थांबत. पुन्हा नव्या वळणाने घेत. आईला ते ऐकू येई आणि मलाही. आम्ही दोघे काही बोलत नसू. फादर गोऱ्यांचे चरित्र वाचताना मला त्या पहाटा फार आठवल्या.

या शंकांवर गोऱ्यांनी काढलेला मार्गच मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. ज्या मिशनने त्यांना बाप्तिस्मा दिला तिथे भर होता प्रत्येकाने बायबल वाचून स्वतःच्या मनाने ठरविण्यावर. गोरे हळूहळू त्यापासून दूर गेले आणि इंग्लिश चर्चमधील ज्या पक्षाला प्राचीन परंपरा, धर्मगुरूंची शिस्त आणि संस्कार यांचे महत्त्व वाटे, त्या पक्षाला मिळाले. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरूची पूर्ण दीक्षा मिळाली. पन्नाशीनंतर काउली येथील संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून राहिले. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तेथील तीन व्रते. शेवटची शपथ मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. उमेदवार ते उमेदवारच राहिले.

माझ्या शास्त्रीबोवांना यात मोठी गंमत वाटली. त्यांचे म्हणणे असे की विसाव्या वर्षी नीलकंठ सांगत होता, आधी शास्त्र धरा, बुद्धी मागून येऊ द्या. पन्नासाव्या वर्षी फादर गोरेही तेच सांगत होते, फक्त शास्त्र बदलले होते आणि त्याचा अर्थ सांगणारी परंपरा बदलली होती. बुद्धीच्या जोरावर तो एका घरातून निघाला, पण दुसऱ्या घरात तिला उंबऱ्याबाहेर बसविल्याशिवाय त्याला राहता येईना. मला यात गंमत वाटली नाही. ज्याची बुद्धी इतकी धारदार असते त्याला ती म्यानात ठेवायला जागा लागते, नाहीतर ती त्यालाच कापते. गोऱ्यांना ती पुरती म्यान करता आली नाही. शपथ न घेण्याच्या मुळाशी मला तरी हेच दिसते.

राहणी त्यांची पहिल्यापासून बैराग्याची होती. साहेबी थाट त्यांना कधी चिकटला नाही. पुढे ते पुण्यात पंच हौद मिशनमध्ये राहिले. हेच ते मिशन, जिथल्या १८९० मधल्या चहाने न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासकट सगळ्या पुण्याला प्रायश्चित्ताच्या भानगडीत ओढले. पेलाभर चहाने माणूस बाटतो की नाही यावर शहर भांडत असताना, बाटणे म्हणजे काय हे बेचाळीस वर्षे अंगावर घेऊन जगलेला एक काशीचा शास्त्री त्याच मिशनचा माणूस होता, आणि त्याला कुणी विचारायला गेले नाही.

पुण्यातच पंडिता रमाबाई त्यांना भेटल्या. बंगालमध्ये ब्राह्मसमाजाच्या सहवासात आलेल्या त्या विदुषीला गोऱ्यांच्या लेखनानेच पटले की, आपण जो धर्म बुद्धीने मिळविलेला समजतो त्याचे मूळ ख्रिस्ती शिकवणुकीत आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाई गोऱ्यांहून वेगळ्या घडणीच्या. एकाच ईश्वरात तीन व्यक्ती कशा, हा त्रैक्याचा प्रश्न त्यांना अडला तेव्हा त्यांनी मठातील भगिनींना सरळ सांगितले की कळल्याशिवाय मी मानणार नाही. चर्चची शिस्त ही त्यांना ईश्वराची आज्ञा वाटेना, ती माणसांची वाटे. गोऱ्यांनी जिथे जाऊन आसरा घेतला होता त्याच दाराशी रमाबाई वाद घालीत उभ्या राहिल्या. मला तर त्यांच्यात काशीचा वीस वर्षांचा नीलकंठ दिसतो. फादर गोऱ्यांनाही तो दिसला असेल का, या प्रश्नापाशी मी पुष्कळदा थांबतो.

१८९५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुलगी लक्ष्मी, दुसऱ्या नावाने एलन, १८८० मध्ये हिंदुस्थानात परत आली, स्त्रियांत काम करीत राहिली आणि १९३७ पर्यंत जगली. तिने इंग्रजीत लिहिलेले एक भजन साऱ्या ख्रिस्ती जगात गायले गेले. अमेरिकेच्या जॉर्ज स्टेबिन्स यांनी त्याला चाल दिली. ईश्वराच्या सान्निध्यात लपून राहण्याचा, तिथे मिळणाऱ्या विसाव्याचा त्यात विषय आहे. चाल मी पेटीवर वाजवून पाहिली. सोपी आहे, एखादे मूलही दोन दिवसांत बसवील. बापाला जन्मभर न मिळालेला विसावा मुलीला मिळाला असावा, असे ती वाजविताना वाटले. ज्या पोरीला आईची मांडी मिळाली नाही आणि बापाचे घर मिळाले नाही, तिला तो कुठून मिळाला, ते मला सांगता येत नाही.

गोऱ्यांचे ख्रिस्ती ग्रंथ आता कुणी फारसे वाचीत नाही. त्यांनी स्वतः सोडून दिलेला तो पहिला ग्रंथ मात्र त्यांच्यामागे छप्पन्न वर्षांनी उज्जैनला छापला गेला. माझी प्रत वाळवीने थोडी खाल्लेली होती, ती पुन्हा बांधून घेतली. आंधळ्या मुलाच्या मुद्द्यापाशी समासात कुणीतरी जुन्या मालकाने पेन्सिलीची उभी रेघ ओढली आहे. बांधणाऱ्याने कडा कापताना ती जाऊ नये म्हणून मी त्याच्या दुकानात उभा राहिलो होतो.